नेम पंढरीचा, हिशेब मुक्कामाचा

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात केलेले भाषण)



व्यासपीठावर बसलेले महाराज मंडळी, आपल्या दिंडीचे विणेकरी, चोपदार, टाळकरी, पखवाजवाले, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माउल्या, आणि ज्यांना कधी वारीला येता आलं नाही पण दर साली पायलीभर ज्वारी न चुकता दिंडीला घालणारी गावची घरं, सगळ्यांच्या चरणी आमचा दंडवत.

शताब्दी कमिटीनं आम्हाला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर विषय लिहिला होता, 'यशप्राप्तीमध्ये ध्येयवाद आणि व्यवहारवाद यांचे स्थान'. आमचं शिक्षण चौथी. चिठ्ठी दोनदा वाचली, मग नातवाला विचारलं, बाबा याचा अर्थ काय? तो म्हणाला, आजोबा, ध्येयवाद म्हणजे काय व्हायला पाहिजे ते धरून बसणं, आणि व्यवहारवाद म्हणजे काय होऊ शकतंय ते बघून चालणं. आम्ही म्हणालो, अरे, मग हे तर आपल्या घरचंच आहे. याला वारकरी नेम आणि हिशेब म्हणतो.

तेव्हा आज आम्ही नेम आणि हिशेब यावरच बोलणार. हे कीर्तन नाही, म्हणून अभंग लावत नाही. अभंग तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत. आज नुसती वाटचालीची भाषा बोलू.

आषाढी एकादशीला पंढरपुरात असायचं, हा नेम. त्यात बोलणी नाहीत. पाऊस जास्त आहे म्हणून एकादशी पुढं ढकलता येत नाही, पाय दुखतात म्हणून पंढरपूर अलीकडं आणता येत नाही. पण आज कुठं थांबायचं, पाणी कुठं भरायचं, म्हाताऱ्या माणसाला कुठं बसवून घ्यायचं, ट्रक पुढं कधी सोडायचा, हा झाला हिशेब. तो रोज नवा. कालचा आज चालत नाही.

आता एखादा म्हणेल, आमचा भाव खरा आहे, आम्हाला हिशेब कशाला? असा माणूस आम्ही पाहिलेला आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढं पळतो. आळंदी ते पुणे नाचत जातो. दिवेघाटात बसतो आणि सासवडहून एसटीनं घरी येतो. आणि दुसरा एक असतो, त्याचा हिशेब पक्का. यंदा पाऊस लांबलाय, यंदा मुलीचं लग्न झालंय, यंदा म्हैस व्यायची आहे. त्याचं एकही कारण खोटं नसतं. पण साठ वर्षं झाली तरी त्याची पहिली वारी व्हायची असते.

पहिल्याजवळ नुसता नेम, दुसऱ्याजवळ नुसता हिशेब. दोघंही पंढरपूरला पोचले नाहीत. इथवर सगळ्यांना पटतं. अवघड पुढं आहे. नेम कुठं संपतो आणि हिशेब कुठं सुरू होतो, हे ठरवायचं कसं? आणि दोघांचं भांडण लागलं तर कुणाचं ऐकायचं? त्याच्यासाठी तर एवढे बोलायला उभे राहिलो.

आधी सोहळ्याकडंच बघा. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा, त्यांनी १६८५ च्या सुमारास पालखीत पादुका ठेवून वारी नेली. पुढं १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा सोहळा आळंदीहून वेगळा सुरू केला. हे हैबतबाबा कोण? मूळचे साताऱ्याकडच्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. म्हणजे फौज हाकलेला माणूस. फौजेत काय बघावं लागतं? कोण कुणाच्या मागं, तळ कुठं, पाणी कुठं, कूच कधी. सगळं सोडून ते माउलींच्या पायाशी आले. पण येताना ती अक्कल ग्वाल्हेरला टाकून आले नाहीत. बरोबर घेऊन आले आणि माउलींच्या कामाला लावली.

अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे दिले, तंबू दिले. आजसुद्धा माउलींचे अश्व अंकलीहूनच येतात. रथापुढं सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागं. प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीची जागा ठरलेली. लाखो माणसं चालतात आणि आपली दिंडी आपल्या जागेवर सापडते. चुकलेला म्हातारा माणूस नंबर विचारत विचारत आपल्या माणसांत येतो. हा नंबर म्हणजे काय भक्ती आहे? नाही, हिशेब आहे. पण तो हिशेब नसता तर ते म्हातारं रस्त्याच्या कडंला रडत बसलं असतं, आणि त्याच्या तोंडात नाम कुठून आलं असतं?

संध्याकाळची समाज आरती आठवा. पालखी मधे ठेवतात, भोवती सगळ्या दिंड्या टाळ वाजवत उभ्या. चोपदार चोप वर करतात. एका क्षणात हजारो टाळ गप्प होतात. पण एखाद्या दिंडीचं गाऱ्हाणं असलं तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार तिथं जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो, तेव्हा ते टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि त्याच्यानंतर आरती. मंडळी, हा क्रम ध्यानात घ्या. गाऱ्हाणं आधी, हरवलेला तांब्या आधी, उद्याची वेळ आधी, आणि मग देवाची आरती. माणसाचा हिशेब चुकता केल्याशिवाय देवाचं मागणं सुरू होत नाही. हैबतबाबांची पायरी आळंदीला महाद्वारात आहे, तिथं डोकं टेकतो तेव्हा आम्हाला ही आरती आठवते.

संतांनी व्यवहाराला नावं ठेवली असं काही जण सांगतात. पुरतं बघितलं तर तसं दिसत नाही.

नाथमहाराजांची गोष्ट घ्या. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या घरी असताना त्यांच्याकडं जमाखर्चाचं काम होतं. एका रात्री एका पैची चूक सापडेना. रात्र सरत आली. पै सापडली तेव्हा त्यांनी आनंदानं टाळी वाजवली. गुरू जागे झाले, कारण विचारलं. म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, मग जन्माची चूक सापडली तर किती होईल! ही गोष्ट आपण नेहमी ऐकतो आणि शेवटच्या वाक्यावर मान डोलावतो. आम्ही म्हणतो, आधीचा भाग विसरू नका. ज्याला एका पैसाठी रात्रभर जागता येतं, त्यालाच जन्माची चूक शोधायला सांगतात. ज्याची वही गबाळी त्याला गुरू असं काही सांगत बसत नाहीत.

तुकोबारायांचं तर वाण्याचं घर, सावकारीचं घर. दुष्काळ पडला, घरची माणसं गेली, धंदा बसला. पुढं त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, हे तुम्ही शंभर कीर्तनांत ऐकलंय. पण सगळी खतं बुडवली नाहीत. परंपरा काय सांगते? धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, दादा, तुम्ही साधू झालात, मला प्रपंच चालवायचाय. तेव्हा खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हातात दिला, आणि आपला वाटा पाण्यात सोडला.

आमचं आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीत आहे, म्हणून जरा थांबतो. तुकोबारायांचा नेम केवढा मोठा! पण त्या नेमाची किंमत त्यांनी आपल्या वाट्यातून भरली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही. त्याला उपदेशही केला नाही की, तूही बुडव. ध्येय धरणाऱ्यानं त्याची किंमत आपल्या पदरची मोजावी, दुसऱ्याच्या खिशातली नव्हे. हा आमचा पहिला नियम लिहून ठेवा.

आता तुम्हा-आम्हा शेतकऱ्यांचं बघू.

वारी निघते ज्येष्ठ वद्य अष्टमीला, आळंदीहून. म्हणजे मिरगाच्या आगं-मागं. ऐन पेरणीत. देवानं आपली परीक्षाच घेतली म्हणा. रान पेरायचं की वाट चालायची? आमच्या घरी यावरून कधी भांडण झालेलं आठवत नाही, कारण वडलांच्या वेळेपासून ठरलेलं आहे. भावाभावांत एका साली एकानं जायचं, दुसऱ्यानं तिफण धरायची. पुढच्या साली उलटं. घरची वारी चुकत नाही आणि घरचं रानही पडीक राहत नाही. जो मागं राहतो तो वारीतच आहे, असं आमची आई म्हणायची. निघणाऱ्याच्या पाया पडायची आणि तिफण धरणाऱ्याच्याही पाया पडायची.

आणि पेरणीचं म्हणाल तर, शेतीचे साहेब लोक सांगतात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आमचे म्हातारे मिलिमीटर जाणत नव्हते. ते मूठभर माती दाबून बघायचे, वाफसा आलाय का. ओल खाली किती गेली ते बोट घालून बघायचे. पहिल्या सरीला जो भावनेच्या भरात पेरतो त्याला दुबार पेरणी. आणि जो अजून पडू दे, अजून पडू दे म्हणत बसतो त्याचा हंगाम जातो. शेतकऱ्याला हिशेब कुणी शिकवायला नको. पण नेमही त्याच्याजवळ आहे. तीन साल दुष्काळ पडला तरी चौथ्या साली तो पुन्हा तिफण बाहेर काढतो. नुसता हिशेब मांडला असता तर त्यानं तिफण जाळून भाकरी भाजली असती.

आता आपल्या दिंडीचं.

ही दिंडी शंभर वर्षांची झाली, ती अशीच झाली का? बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट सांगतो. आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. गावची सगळी माणसं खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची, रेशनला मिलो मिळायचा. १९७३ ची आषाढी आली. पाऊस पडायला लागला होता, पण घरात दाणा नव्हता, पेरायला बी नव्हतं. दिंडी न्यायची कशी? देवळात बैठक बसली. एक जण म्हणाला, यंदा दिंडी बंद ठेवू, देव समजून घेईल. दुसरा म्हणाला, उपाशी जाऊ पण सगळे जाऊ. तेव्हा दिंडीचे जे वडीलधारे होते, सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, ते म्हणाले, "पोरांनो, दिंडी म्हंजे काय? वीणा आणि पताका. ती गेली पायजे. माणसं किती, ते दाण्यावर ठरवा." मग घराघरात दाणे मोजले आणि बारा माणसं गेली. एक वीणा, एक पताका, चार टाळ, बाकीच्यांच्या डोक्यावर सामान. बाकी गाव कामावर राहिलं, आणि तेवढे दिवस रोज संध्याकाळी देवळात हरिपाठ म्हणत राहिलं.

कमी झालं, पण तुटलं नाही. यात नेम कुठला आणि हिशेब कुठला, ते दिसलं ना? दिंडी गेली पाहिजे हा नेम. शंभर माणसं गेली पाहिजेत, हा नेम नव्हताच, ती आपली सवय होती. सवय आणि नेम यांत पुष्कळ वेळा आपली गल्लत होते. सवयीला आपण नेम समजतो आणि तिच्यासाठी भांडतो.

तरुण मंडळींना ७२ आठवणार नाही, पण २०२० आठवेल. करोना आला. संतांच्या पादुका एसटीत बसून पंढरपूरला गेल्या. पुढच्या सालीही तसंच झालं. किती जणांनी डोळ्याला पाणी आणलं! पायी वारी चुकली. पण पादुका पोचल्या का? पोचल्या. आणि आपण काय केलं? वीणा देवळात उभी केली, एका वेळी एकच माणूस, तोंडाला पंचा बांधून. ज्या दिवशी सोहळा जिथं असायचा त्या मुक्कामाचं नाव घेऊन आपापल्या घरी हरिपाठ. आज सासवड, आज जेजुरी, आज वाल्हे. उंबऱ्याच्या आत बसून आपण पंढरपूरपर्यंत चालत गेलो. त्या वेळी कुणी हट्टानं दिंडी काढली असती तर नेम त्यानं धरला असता आणि आजार त्याच्या आईला झाला असता. म्हणजे पुन्हा तोच पहिला नियम. किंमत कोण मोजणार?

वीणेचाच विचार करा. वीणा खाली ठेवायची नाही, हा नेम. रात्री दोन वाजता, भर पावसात, कुणी ऐकायला नसलं तरी ठेवायची नाही. पण ती एकाच माणसानं धरायची, असा काही नेम नाही. पहारे लावलेत. एक थकला की दुसऱ्याच्या गळ्यात देतो आणि पाया पडतो. थकणं हा गुन्हा मानलेला नाही. उलट थकव्याची तरतूद आधीच करून ठेवलेली आहे. म्हणून ती वीणा शंभर वर्षं खाली आलेली नाही. एकट्याच्या जिवावर ती शंभर तासही टिकली नसती.

आता जरा नाजूक गोष्ट सांगतो. ती कमिटीला विचारून सांगतोय.

काही वर्षांपूर्वी एक मोठे गृहस्थ आले. म्हणाले, तुमच्या दिंडीचा सगळा खर्च मी करतो. ट्रक, नवे तंबू, आचारी, दोन वेळचं जेवण. कुणाकडून भिशी घेऊ नका. माणूस चांगला बोलला, नमस्कार केला, बसला. मग अट सांगितली. पताकेच्या पुढं त्यांच्या फोटोचा फलक चालणार, आणि त्यांची माणसं वीणेच्या शेजारी चालणार.

देवळात बैठक बसली ती मध्यरात्र उलटली तरी उठेना. आपल्याकडं तेव्हा जुन्या ताडपत्र्या होत्या, ठिगळं लावलेल्या. भिशी भरताना कितीतरी आयाबाया कोंबड्या विकायच्या. एक बाजू म्हणाली, एक फलक चालला तर देव काय रागावतोय? म्हाताऱ्या कोरड्यात झोपतील. ही बाजू खोटी होती का? मुळीच नाही. दुसरी बाजू म्हणाली, वीणेपुढं पैसा चालला की ती वीणा पैशाची झाली. ही तरी खोटी कशी म्हणावी?

नाना तेव्हा फार थकले होते, खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "ताडपत्री आपली हाय. ती कुणाकडनं घ्यायची ते आपण ठरवू. पताकेपुढली जागा आपली न्हाई. जी आपली न्हाई ती इकायची कशी?"

हा आमचा दुसरा नियम. व्यवहार करणाऱ्यानं आपलं असेल ते खुशाल द्यावं-घ्यावं, घासाघीस करावी. पण जे सगळ्यांचं आहे, जे आपल्या आधीच्यांनी राखून आपल्या हातात दिलंय आणि आपल्यानंतरच्यांना द्यायचंय, ते बाजारात मांडू नये. आपण त्याचे राखणदार, मालक नव्हे.

गृहस्थांना निरोप दिला, तुमची मदत आनंदानं घेऊ. नाव आमच्या वहीत लिहू, पायलीवाल्यांच्या ओळीत, त्याच अक्षरात. त्यांना ते पटलं नाही. ते गेले. त्यांचा आम्हाला राग नाही.

पण गोष्ट इथं संपली असती तर आम्ही ती सांगितली नसती. त्या साली लोणंदच्या पुढं पावसानं झोडपलं. ताडपत्र्या गळल्या. बाया रात्रभर एका शाळेच्या व्हरांड्यात बसून राहिल्या. त्यातल्या एका मावशीला ताप भरला. फलटणला तिला दवाखान्यात दाखवलं आणि तिथून बरोबर माणूस देऊन एसटीनं घरी पाठवलं. बसताना ती एवढंच म्हणाली, "माझी वारी कुणीतरी पुरी करा रं." तिच्या डोक्यावरची तुळस आमच्या दिंडीतल्या एका पोरानं घेतली आणि पंढरपूरपर्यंत नेली.

काल्यानंतर घरी आल्यावर नानांनी पुन्हा बैठक बोलावली. म्हणाले, नेम आपण बाप्यांनी धरला, आणि ताप तिला आला. असा नेम पुढल्या साली चालणार न्हाई. मग ठरलं. दिंडीतल्या प्रत्येक तरण्या माणसानं पेरणीच्या आधी चार दिवस रोजगाराला जायचं आणि ती मजुरी दिंडीत घालायची. चहापानाचा खर्च बंद केला. पंगतीचं गोड बंद करून ते एकादशीच्या पारण्यापुरतं ठेवलं. तीन सालांत नव्या ताडपत्र्या झाल्या, चार राहुट्या जुन्या बाजारातून घेतल्या. पहिली राहुटी उभी राहिली ती बायांची. आणि ज्या बाईला भिशी जमत नाही तिनं दाणे द्यावेत, दाणे नसतील तर पंगतीला वाढायला उभं राहावं, पण नाव वहीत सगळ्यांसारखंच. काल्याच्या दिवशी ती वही सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचतात. आजही वाचतात. ती मावशी त्यानंतर सहा वाऱ्या चालली. मग गेली.

मंडळी, त्या गृहस्थांना नाही म्हणणं हे अर्धंच काम होतं. ते एका रात्रीत झालं. उरलेलं अर्धं व्हायला तीन साल लागले, आणि ते रोजंदारीनं झालं. ध्येयाचा पहिला भाग तोंडानं होतो, दुसरा भाग पाठीनं करावा लागतो. पुष्कळ माणसं पहिल्याच भागावर टाळ्या घेऊन घरी जातात.

कधी कधी उलटंही असतं बरं का. हिशेबी माणसं म्हणतात 'एवढ्यात नको', आणि ते ऐकलं तर अन्याय तसाच राहतो. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या भावंडांना बंद होतं. चोखोबांची समाधी महाद्वारापुढं, आणि चोखोबांच्या लेकरांना आत जायला बंदी! शहाणे म्हणत होते, लोकांचं मन तयार होऊ द्या. साने गुरुजींनी हिशेब मांडला नाही असं नाही. आधी कित्येक महिने महाराष्ट्रभर हिंडले, गावोगाव सभा घेतल्या, लोकांची मनं वळवली. एवढं करूनही दार उघडेना, तेव्हा १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. बसायला जागा दिली तनपुरे महाराजांच्या मठानं, एका वारकऱ्याच्या मठानं. १० मेला उपोषण सुटलं आणि देवाचं दार सगळ्यांना खुलं झालं. गुरुजींनी पणाला काय लावलं? आपला जीव. दुसऱ्याची डोकी फुटतील असं काही केलं नाही. तुकोबारायांचा वाटा आणि गुरुजींचं उपोषण, आम्हाला एकाच ओळीत दिसतं.

तसेच गाडगेबाबा. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. अक्षरओळख नाही. स्वतःसाठी एक पै ठेवली नाही. पण पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, सगळीकडं धर्मशाळा उभ्या केल्या. नुसत्या वैराग्यानं दगडावर दगड चढत नाही. चुना, वाळू, गवंडी, मजुरी, सगळं बघावं लागतं. बाबांनी ते बघितलं, आणि बांधून झाल्यावर त्याचं मालक होऊन बसले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. मिळवताना पक्का व्यवहारी आणि सोडताना पक्का बैरागी. आपलं उलट असतं. मिळवायची वेळ आली की 'देव देईल' म्हणतो आणि सोडायची वेळ आली की वही काढतो.

आता यश. चिठ्ठीत तो शब्द आहे, त्याला उत्तर दिलं पाहिजे. दिंडीचं यश कशात मोजायचं? मोठ्या मंडपात? पेपरात फोटो आला त्यात? नाना एकच मोजमाप सांगायचे. जेवढी माणसं नेली तेवढी सुखरूप परत आणली का, आणि पुढल्या साली ती पुन्हा यायला तयार आहेत का. बास. पहिलं हिशेबानं होतं. रस्त्याच्या कडेनं दोर धरा, पहाटे चालताना चमकणाऱ्या पट्ट्या लावा, म्हाताऱ्यांच्या गोळ्या वेळेवर द्या, शौचालयाची सोय आधी बघा मग तंबूची जागा ठरवा. आणि दुसरं नेमानं होतं. कुणी पुन्हा यायला तयार होतो तो गोळ्यांसाठी नाही. त्याला कळसाचं दर्शन झालेलं असतं.

पोरांनो, आता दिंडी तुमच्या हातात येणार. तुम्ही मोबाईलवर मुक्काम बघाल, पैसे मोबाईलवरच गोळा कराल. खुशाल करा. आमच्या आज्यानं बैलगाडी वापरली, आम्ही ट्रक वापरला, तुम्ही काय वाटेल ते वापरा. त्याला आमची ना नाही. पण दोन गोष्टी विचारत जा. एक, मी जो नेम धरतोय त्याची किंमत मीच भरतोय, का आयाबायांच्या अंगावर टाकतोय? दुसरी, मी जे देऊ-घेऊ करतोय ते माझं आहे का, का नुसतं माझ्या हातात राखायला दिलेलं आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं नीट आली की ध्येयवाद आणि व्यवहारवाद या दोन मोठ्या शब्दांचं तुमच्या घरात भांडण होणार नाही.

बोलणं लांबलं. पंगत तयार आहे आणि आचारी आमच्याकडं बघतोय. जेवण निवू देणं हाही चुकीचा हिशेब आहे. तेव्हा सगळ्यांच्या पाया पडतो. उद्या पहाटे काकड्याला भेटू, आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीला.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!